गाण्याआधीचं बोलणं

विमलचा फोन सकाळी साडेआठला आला. "मामी, आई गेली," एवढंच ती आधी म्हणाली. पहाटे, झोपेतच, कुणाला हाक न मारता. ती चाळीसगावच्या एका फोनबूथमधून बोलत होती. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "तेराव्याला ती टेप घेऊन या. बाजारातली नको, ती सगळ्यांकडे आहे. तुम्ही भरलेली, पहिली." मी "आणते" म्हणाले. त्या क्षणी मला रडू यायला हवं होतं. आली ती भीती. कारण त्या पहिल्या टेपमध्ये, दुसऱ्या बाजूला, माझं एक खोटं भरलेलं आहे, आणि बारा वर्षांत ते मी कुणाला ऐकू दिलेलं नाही.

ईशान, मैत्रेयी, अक्काला, म्हणजे विमलच्या आईला, तुम्ही एकदाच पाहिलंत, तेही इतके लहान असताना की तुम्हाला आठवणार नाही. तिचा आवाज मात्र तुमच्या ओळखीचा आहे. तुमच्या बाबाच्या गाडीत जी खान्देशी गाण्यांची कॅसेट वाजते, त्यातली गाणारी बाई म्हणजे माझी मोठी नणंद, बाबाची सुभद्रा आत्या. मागच्या सुट्टीत ईशानने मला विचारलं होतं, "आजी, हिचं नाव कव्हरवर का नाही?" तेव्हा मी पोळ्या गार होतील म्हणून उठले. आता उत्तर देते आहे. ते वर्तमानपत्राच्या पुरवणीत देते आहे, कारण ही कॅसेट जळगाव-धुळ्याकडच्या पुष्कळ घरांत आहे, आणि त्या घरांनाही ते कळलं पाहिजे.

अक्काला लिहिता येत नव्हतं. गाणी ती डोक्यात बांधायची, निंदताना, कापूस वेचताना, आणि मग हळदीला, कानबाईच्या उत्सवात, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला झोक्यावर म्हणायची. एकदा म्हटलं की ते गाणं बाया उचलायच्या आणि दोन वर्षांत ते जुनंपुराणं म्हणून दुसऱ्या गावाहून परत यायचं. अक्काला त्याची गंमत वाटे. तिची एक सवय होती. गाण्याआधी ती बोलायची. ते कुणासाठी बांधलं, ती बाई कोण, कुठे दिली होती, तिचं काय झालं... कधी कधी गाण्यापेक्षा बोलणं लांब. मी धुळ्याला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. तासाला घंटा वाजते आणि घंटेला विषय संपतो, अशा शिस्तीत माझा जन्म गेलेला. मला ते बोलणं पाल्हाळ वाटायचं. मी तसं तिला म्हणायचेही. ती मला 'मास्तरीण' म्हणायची आणि हसायची.

ही गाणी टिकली पाहिजेत हे मात्र मला मनापासून वाटत होतं. जळगावच्या एका कॅसेट विकणाऱ्या गृहस्थांशी मी परस्पर बोलले. त्यांनी खाली कॅसिओ आणि ढोलक टाकू म्हटलं, त्याला मी साफ नकार दिला. दुसरी अट त्यांची होती. "बाई, गाणी द्या, बडबड नको. लोक बडबड ऐकायला कॅसेट घेत नाहीत." ती मला एकदम पटली.

प्रश्न होता नानांचा, म्हणजे अक्काच्या यजमानांचा. माणूस सरळ, कमी बोलणारा. बाया-बायांत गाण्याला त्यांची कधी ना नव्हती. पण टेपचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले होते की आपल्या घरच्या बाईचा आवाज उद्या स्टँडवर चहाच्या टपरीत वाजेल, आणि मी तिथे चहा कसा पिऊ? म्हणून मी अक्काला सांगितलं की टेप फक्त माझ्यासाठी भरायची आहे, शाळेतून आल्यावर घरी ऐकायला. जळगावचा शब्दही काढला नाही. कव्हरवर नाव येऊ द्यायचं नाही, म्हणजे नानांना त्रास नको, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. सगळं नीट योजलं होतं मी.

दिवस निवडला तो नाना कापूस खरेदी केंद्रावर नंबर लावायला गेले होते तो. नंबर लागला की ते ट्रॅक्टर घेऊन परत येणार आणि खोलीतला कापूस भरून नेणार, संध्याकाळच्या आत. आम्ही त्याच खोलीत बसलो. तीन भिंतींना आढ्यापर्यंत कापूस, मधे जेमतेम आठ जणींपुरती जागा. आवाज कापसात मुरायचा, घुमायचा नाही. अक्का मधोमध, पुढ्यात पालथी परात, बोटात चांदीचं वेढणं. त्या वेढण्याचा परातीवर टक्-टक्, एवढंच वाद्य. मागे झील धरायला सहा जणी. माझ्यापुढे टेपरेकॉर्डर, सहा सेल घातलेला, आणि मांडीवर वही. गाण्याचा क्रमांक, मिनिटं, बाजू.

एका बाजूला तीस मिनिटं. गाणं सुरू झालं की मी बटण सोडायची, संपलं की पॉजचं बटण दाबायची. अक्का पुढच्या गाण्याआधी बोलू लागे, तेव्हा टेपच्या चकत्या थांबलेल्या असत. तिला ते ठाऊक नव्हतं. ती यंत्राकडे तोंड करून, एखाद्या पाहुणीला सांगावं तसं सांगत होती. बाया मान डोलवत होत्या, एक-दोघी डोळे पुसत होत्या. मी मनगटावरचं घड्याळ पाहत होते आणि दारावरचं कुत्रं भुंकलं की दचकत होते. कानावर सगळं पडत होतं, पण मी ऐकत नव्हते. सहावं गाणं संपलं तेव्हा लांबून ट्रॅक्टरचा आवाज आला. अक्काने बोलायला सुरुवात केली नाही. ती माझ्याकडे वळली.

"मास्तरीण, हाई तू एकलीच ऐकशी ना?"

"हो," मी म्हटलं. आणि उठून बाहेर पळाले, ट्रॅक्टर कुणाचा ते पाहायला. तो दुसऱ्या कुणाचा निघाला, पुढच्या आळीकडे वळून गेला. धापा टाकत आत आले, तर चकत्या फिरत होत्या. पॉज दाबायची मी विसरले होते. अक्का काहीतरी सांगत होती, एवढ्यात परातीवर टक्-टक् सुरू झालं आणि मी जीव मुठीत धरून बसून राहिले. नऊ गाणी झाली. नाना आले तेव्हा आम्ही ओसरीवर चहा पीत होतो.

धुळ्याला येऊन मी दुसऱ्या रेकॉर्डरवर जळगावसाठी प्रत काढली. सहाव्या गाण्यानंतर माझाच 'हो' ऐकू आला. इतका ठाम, इतका स्वच्छ उच्चार... मी बटण दाबून टेप पुढे पळवली, सातवं गाणं लागेपर्यंत. मूळ टेप कपाटात, साड्यांच्या खाली गेली.

कॅसेट निघाली आणि मी घाबरले होते तसंच झालं. ती सगळीकडे वाजू लागली. पाचोऱ्याच्या बाजारात, यावलच्या एस. टी.त ड्रायव्हरच्या मागे, जिनिंगमधे, लग्नाच्या मांडवात. कव्हरवर कुठल्याशा घागरवालीचं चित्र आणि 'पारंपरिक खान्देशी गाणी'. लोकांना तिच्यात काय आवडलं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या काळी बाकीच्या कॅसेटी कशा खणखणीत वाजायच्या. हिच्यात काहीच नव्हतं. एक बाई, एक परात, मधेच कुणाच्या बांगड्या, एकदा शेळी ओरडते, एकदा झील धरणारी हसते आणि हसू गिळून पुढची ओळ म्हणते. वरच्या पट्टीत जाण्याआधी अक्का श्वास घेते, तो ऐकू येतो. शेजारच्या खोलीत आपल्याच घरचं कुणीतरी गातं आहे आणि आपण ऐकतो आहोत हे तिला माहीत नाही, असं वाटतं. सातवं गाणं तर बायांनी पाठ केलं. 'वाट वयखस पाय मना, दार वयखस नही.' वाट माझे पाय ओळखते, दार ओळखत नाही. माझ्या शाळेतली शिपाईण ते गुणगुणत वर्ग झाडायची आणि मी स्टाफरूममधे जाऊन बसायची.

नानांनी ती चाळीसगावच्या स्टँडवर ऐकली. चहा अर्धा टाकून घरी आले, अक्काला म्हणाले, आवाज तुझाच आहे. त्यापुढे त्या घरात काय बोलणं झालं, मला कुणी सांगितलं नाही. मी त्या वर्षी आखाजीची वाट पाहत राहिले, आणि ती येऊ नये असंही वाटत राहिलं. आखाजीला अक्का नेहमीप्रमाणे माहेरी, म्हणजे आमच्याकडे आली. सांजोऱ्या झाल्या, रस झाला. गल्लीतल्या पोरींनी झोका बांधून तिला ओढलं, तर घसा बसला आहे म्हणाली. मी तिच्या एकेका शब्दाला घाबरत होते. दुपारी आंबे पिळताना ती सहज विचारावं तसं म्हणाली, "मी मधमां बोलनू ते कोठे गयं?"

मी म्हटलं, "अक्का, कॅसेटमध्ये फक्त गाणीच ठेवतात."

"हां," ती म्हणाली आणि पुढचा आंबा घेतला.

मला वाटलं, सुटले. मला खोटारडी म्हणाली नाही, कॅसेट बाजारात कशी गेली हेही विचारलं नाही. त्यानंतर अक्का गायली नाही. बाया गळ घालायच्या, ती घशावर बोट ठेवायची. नाना वारले, विमलची मुलं मोठी झाली, अक्का दर आखाजीला येत राहिली आणि माझ्याशी पूर्वीसारखीच बोलत राहिली. तिचं गाणं माझ्यामुळे बंद झालं, मी फसवलं म्हणून बंद झालं, हे मी धरून चालले. माफी मागायची कितीदा ठरवलं. प्रत्येक वेळी पाहुणे असायचे, किंवा मीच पाहुण्यांना बोलावून ठेवलेलं असायचं.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर पुरुष ओट्यावर गेले आणि बाया आतल्या खोलीत बसल्या. झील धरणाऱ्या सहा जणींपैकी सखूबाई तेवढ्या उरल्या आहेत. त्यांना आता दिसत नाही. त्या विमलच्या खांद्यावर हात ठेवून आल्या. एक बाजू झाली. दुसरी बाजू लावली. सहावं गाणं संपत आलं तेव्हा माझी बोटं बटणाजवळ होती. विमल माझ्याकडे पाहत होती... मी हात मांडीवर घेतला. अक्काचा प्रश्न आला. माझा 'हो' आला. मग माझी पावलं, दार करकरलं. त्यापुढचं मी आजवर ऐकलंच नव्हतं.

टेपमधली सखूबाई, बारा वर्षांनी तरुण, खुसफुसत म्हणाली, "अक्का, ही मास्तरीण बठ्ठा जगले ऐकाडी देई."

"माले ठाऊक नही का?" अक्काचा आवाज. "हो म्हनताना तिनी मनाकडे दखं नही. ऐकू दे. नानाले मी सांगसू. त्या बायास्ना नावं तरी गावगावले जातीन."

बाया हसल्या. अक्का यंत्राजवळ सरकली असावी, कारण आवाज एकदम मोठा झाला. "आते हाई मथुरानं गानं. मथुरा मनी शेजारीन व्हती. पाच डाव भाऊना दारले गयी, पाच डाव फिरी उनी. सहावा डाव कोठे गयी, कोनले ठाऊक नही." आणि पाच वेळा भावाच्या दारातून परत आलेल्या मथुरेचं ते सातवं गाणं सुरू झालं.

तिला सगळं माहीत होतं, 'हो' म्हणताना मी तिच्याकडे पाहिलं नाही एवढ्यावरून. मी जे खोटं बारा वर्षं साड्यांखाली लपवलं, त्याच्याकडे तिने तेव्हाच काणाडोळा केला होता. गाणी जगात जाणार हे ओळखूनच ती गायली, नानांना तोंड द्यायची तयारी ठेवून, त्या नऊ जणींच्या नावांसाठी. मी नावंच तेवढी गाळली, आणि तीही चुकून नव्हे. नीटनेटकेपणाने, एकेकदा बटण दाबून. आंबे पिळताना तिने विचारलं होतं ते हेच.

टेप संपल्यावर मी बायांना सगळं सांगितलं. विमलने टेप काढून डबीत ठेवली. मग म्हणाली, "मामी, वही आणलीय ना?" सखूबाईंना विचारत आम्ही तिन्हीसांजेपर्यंत बसलो. पहिलं गाणं कासाबाईचं, ते त्यांना पक्कं आठवलं. तिसरं यमुनेचं, नववं अक्काच्या सासूचं. बाकीच्या गाण्यांना त्या 'नाही' म्हणून मान हलवत राहिल्या.

मुलांनो, कॅसेटच्या डबीत ठेवायला एक कागद पाठवते आहे. वर लिहिलं आहे, गाणी सुभद्राची. खाली नऊ ओळी. चार ओळींत नावं आहेत, मथुरेच्या ओळीत तिची हकिगतही आहे. पाच ओळी कोऱ्या आहेत. कुणा वाचकाच्या घरी ती नावं असतील तर मला कळवा. मला ती सांगता येत नाहीत, आणि अक्काने ती एकेक करून सांगितली होती, माझ्यापासून हातभर अंतरावर बसून.