ताटलीत उरलेली भाकर

"टायफॉईड," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि आईच्या पोटावरचा हात काढला. "म्हणजे विषमज्वर. आतड्यात जखमा होतात. यावर अजून औषध निघालेलं नाही. तीन आठवडे सांभाळायचं. पातळच द्यायचं, घट्ट असा एक घासही नाही. तिसऱ्या आठवड्यात आतडं ओल्या कागदासारखं होतं."

हे त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं. मी बेळगावच्या इंग्रजी शाळेत वाढलेली. आईने विचारलं, "काय म्हणाल्या गं?"

"ताप आहे. जाईल," मी म्हटलं. "पातळ घ्यायचं."

ओल्या कागदाचं मी तिला सांगितलं नाही. तिला भीती वाटेल, असं मनाला समजावलं. खरं तर ते शब्द मोठ्याने उच्चारायची भीती मलाच वाटत होती.

ज्यांच्या घरी असा ताप येईल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आई निपाणीच्या मिशन शाळेत शिकवते. वडील मी लहान असतानाच गेले. अंगात बारीक ताप असताना ती आठ दिवस शाळेत जात राहिली. शेवटी शेजारच्या जैन आक्कांनी तिला सर्व्हिस मोटारीत घालून बेळगावला इस्पितळात आणलं आणि स्वतःही राहिल्या. त्या पाणी गाळून, उकळून पितात. हा ताप पाण्यातून येतो हे कळल्यावर त्या आईच्या उशाशी बसून म्हणाल्या, "मी सांगत हुतो न्हवं, पाणी उकळून पी म्हणून? तर म्हणायचीस, माझा देव राखतोय. आता बघ, तुझ्या देवानं तुला कुठं आणून ठेवलंय."

आई तापातही हसली. "तुझ्या पाण्यापाशीच आणून ठेवलंय."

दिवस मी तापाच्या तक्त्यावर मोजत होते. पलंगाच्या पायथ्याशी तो टांगलेला असायचा. एकशे तीन, एकशे चार, पुन्हा एकशे तीन. मी पलंगाशी बसून शाळेत शिकलेल्या इंग्रजी प्रार्थना मनातल्या मनात म्हणायची. आईला माझे ओठ हलताना दिसायचे. "देवाला इंग्रजी येतं. मला येत नाही. मोठ्यानं म्हण की," ती म्हणायची. पण वॉर्डात आठ खाटा होत्या. माझा आवाज निघत नसे.

अठराव्या दिवशी रविवार होता. आईने प्रभुभोजन मागितलं, म्हणजे प्रभू येशूचं शरीर आणि रक्त म्हणून भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. डॉक्टरीणबाईंनी कणभर भाकर द्राक्षारसात भिजवून द्यायला परवानगी दिली. ख्रिस्ती मंडळीत आम्ही भाकर म्हणतो ती गव्हाच्या चपातीची असते. मंडळीची उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी आईच्या जिभेवर कण ठेवला, मला तुकडा दिला. त्यांना खानापूरकडच्या एका गावी उपासनेला जायचं होतं, मोटार चुकली असती. ताटलीत निम्मी चपाती उरली होती. "उरलेली तू संपव, बाळ," ते म्हणाले. आशीर्वाद दिलेली भाकर टाकायची नाही, तिथेच खाऊन संपवायची, ही आमची रीत.

मी ताटली धरून उभी होते. आई ताटलीकडे बघत होती. अठरा दिवस जवाच्या पाण्यावर काढलेलं माणूस कसं बघतं ते मला लिहिता येणार नाही.

"तुला नको असली तर मला दे," ती म्हणाली. "पवित्र आहे ती. तिनं काय होणार?"

तिला ठाऊक नव्हतं. मला होतं. तरी वाटलं, हे काही जेवण नव्हे. प्रभूच्या शरीराने जखम कशी होईल? आज नाही म्हटलं तर माझा विश्वास तो कसला? मी ताटली पुढे केली. तिने सावकाश, शेवटच्या कणापर्यंत खाल्लं आणि कितीतरी दिवसांनी समाधानाने डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तक्त्यावरची रेघ एकदम खाली आली होती. सत्त्याण्णव. मी पलंगाशी गुडघे टेकले आणि आभार मानू लागले. माझी प्रार्थना अर्धी झाली होती तेव्हा डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी नाडी धरली आणि माझ्याकडे न बघता नर्सला हाक मारली.

"हेमरेज. म्हणजे आतून रक्त जातंय." ताप उतरला नव्हता, अंग गार पडत होतं. मी त्याचेच आभार मानत होते.

पाय उंच राहावेत म्हणून पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावल्या. लष्करी कॅम्पातून भुशात गुंडाळून बर्फ आणला, पोटावर ठेवला. मॉर्फिया दिलं, ते अफूचं औषध, त्याने आतडं निपचित राहतं. तोंडात पाणीसुद्धा नाही, ओठांवर फक्त ओला कापूस.

व्हरांड्यात मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी आपलं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. मग म्हणाल्या, "भाकर दिली नसती तरी झालं असतं, कदाचित. कदाचित नसतंही झालं. तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं सांगणार नाही. जा, दर पाव तासाने नाडी मोज आणि लिहून ठेव."

एकशे चाळीस. एकशे चव्वेचाळीस. बोटांखाली दोरा थरथरावा तशी नाडी.

प्रार्थना करता येईना. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकरीची ओळ येते, 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे.' तिथे मी अडकायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, पुन्हा तिथेच अडकायची. तिसऱ्या दिवशी सोडून दिलं. आई मरणार आणि तिला मी मारलं, एवढंच डोक्यात उरलं.

आक्कांनी ओळखलं. "देवाशी अबोला धरलास व्हय?"

मी त्यांना भाकरीचं सांगितलं. त्यांनी हातातली जपमाळ बाजूला ठेवली.

"मग भांड की त्याच्याशी. पर गप नगं बसू. चाळीस वरसं मी नवऱ्याशी भांडतोय. घर सोडून गेलो का?"

मी आईच्या मनगटावर बोटं ठेवली आणि मनात देवाला म्हटलं, तुझ्याच ताटातली होती. आता तूच बघ. मराठीत केलेली ती माझी पहिली प्रार्थना. तिच्यात नम्रता नव्हती. पुढचा सगळा दिवस दर पाव तासाला तेवढंच म्हणत राहिले.

पाचव्या दिवशी नाडी एकशे दहा भरली. माझा विश्वास बसेना म्हणून तीनदा मोजली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थांबलंय."

आईचे केस गेले. डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं. ती बसू लागली तेव्हा मी तिला सांगितलं, ओल्या कागदाचंही.

"मला सांगितलं असतंस तर मी मागितली नसती," ती म्हणाली. दिवसभर ती माझ्याशी फारसं बोलली नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली तर डॉक्टर सांगतील ते तुमच्या माणसाला त्याच्या भाषेत, पुरतं सांगा. ते ओझं त्याच्यापासून लपवून एकट्याने वाहू नका.

मऊ भात द्यायचा दिवस उजाडला. नर्सने चमचा भरला. मी मागे, भिंतीशी जाऊन उभी राहिले. आईने ओठ घट्ट मिटले.

"हिच्या हातून," ती म्हणाली.

मी पुढे होऊन चमचा घेतला. आई म्हणाली, "आधी प्रार्थना."

मी सुरुवात केली.

"ऐकू येत नाही."

मी आवाज चढवला. आठही खाटांवरच्या बाया माझ्याकडे वळल्या. आक्कांची जपमाळ थांबली. भाकरीची ओळ आली. ती मी तिच्या उजव्या कानाशी वाकून, मोठ्याने, पूर्ण म्हटली.

आईने आ केला.