टाकीचा दसरा

"फोडू द्या त्यांना. एक वीट राहू नये तिची."

"द्वारका, आसं म्हणू नको माय."

"कामून म्हणू नको? तुमची कोण लागती ती टाकी?"

"तू एकदा पारावर चल. धर्मराज माझं ऐकून राह्यला न्हाई. तुझं ऐकंल. तुझ्या लेकराच्या नावानं पहारी काढल्यात त्यांनी."

"मंग बराबर काढल्यात."

द्वारका बोलत होती, पण हात थांबत नव्हते. समोर बोचकं पसरलेलं. त्यात तान्ह्याची झबली गेली, दोन साड्या गेल्या, मग एक छोटा निळा फ्रॉक गेला. फ्रॉक तिनं परत बाहेर काढला, मांडीवर ठेवून सुरकुत्या मोडल्या आणि पुन्हा आत ठेवला. सगुणाबाई दारात उभी राहून हे बघत होती. सून माहेरी निघाली होती, जाफराबादला, आणि परत येणार असल्याचं एकाही वस्तूवरून दिसत नव्हतं.

कोपऱ्यात घट तसाच होता. सुतकात शेजारणीनं माळा घातल्या, दसरा आला आणि गेला, या घरात कुणी सोनं वाटलं नाही की घट हलवला नाही. अंधारात वाढलेलं धान पिवळं पडून एका अंगाला कललं होतं. द्वारकेची थोरली, नंदा, पाच वर्षांची होती. ती गेली तेव्हा हे धान बोटभरसुद्धा नव्हतं.

सगुणाबाईला सुनेला अडवायचं नव्हतं. तिला फक्त टाकी वाचवायची होती. आणि टाकी वाचवायला जे सांगावं लागणार होतं ते तिनं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

धामणवाडी म्हणजे टेंभुर्णीपासून आत, नाल्याकाठचं गाव. सगुणाबाई इथं आली ती जांब समर्थाकडून, नव्या नवरीच्या हिरव्या चुड्यात. माहेरच्या विहिरीचं पाणी गोड होतं. इथं पहिल्याच उन्हाळ्यात सासूनं तिला नाल्यातला झिरा दाखवला. वाळूत गुडघाभर खड्डा, त्यात बसून वाटीनं पाणी उपसायचं. घागर भरेपर्यंत पायांना मुंग्या यायच्या. वरच्या अंगाला म्हशी बसलेल्या असायच्या. ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात गावात हगवणीची साथ आली आणि तिच्या थोरल्या धर्मराजाच्या पाठची दोन लेकरं, एक पोरगी, एक पोरगा, एकामागोमाग गेली. पोराला पुरून आलेला रामराव, तिचा नवरा, ओट्यावर बसला आणि त्यानं पाणी मागितलं. सगुणाबाईनं तांब्या भरला आणि तिला ते पाणी त्याच्या हातात देववेना.

तेव्हापासून तिनं एक धरलं. घागरीच्या तोंडाला फडकं बांधायचं, दुहेरी, रोज धुतलेलं. लग्नाच्या पंगतीला गेली तरी कमरेला फडकं खोचलेलं. बाया हसायच्या. गोजरबाई, तिची चुलत सासू, चारचौघींत तिला गाळणीबाई म्हणायची, आणि मग सगळं गावच म्हणायला लागलं. पुढे सरकारनं नाल्याच्या काठाला विहीर खोदली. पण तिच्यात पाझरायचं ते नाल्याचंच पाणी. रामराव गेला, धर्मराजाचं लग्न झालं, नंदा जन्मली, आणि सगुणाबाईच्या कमरेचं फडकं सुटलं नाही.

सत्त्याण्णव साली, संक्रांतीच्या सुमाराला, ती पोरं आली. इंजिनियरिंग शिकणारी, जर्मनीची, चार पोरं आणि दोन पोरी. त्यांना घेऊन आला तो पारस, टेंभुर्णीच्या गौतमचंद शेटजीचा मुलगा, औरंगाबादच्या कॉलेजात शिकणारा. पाहुण्यांची भाषा त्याला येत होती आणि गावाची तर दुकानाच्या गल्ल्यावर बसूनच पाठ झालेली. पोरं शाळेत राहिली, ठेचा खाऊन रडली, आणि सकाळी उठून नाल्यातली वाळू चाळायला बसली. गोजरबाईनं पारसला विचारलं, यांच्या देशात काय काम न्हाई का, एवढ्या लांब वाळू चाळायला आले? पारसनं ते त्यांना सांगितलं. एरिका नावाची उंच पोरगी खूप वेळ हसली आणि म्हणाली, आमच्याकडं तोटी फिरवली की पाणी येतं, ते कुठून येतं हे आम्हाला इथं येऊन कळतंय. बायांना तिचं नाव जमेना. त्यांनी तिला रेणुका केलं, देवीचं नाव, आणि ती त्या हाकेला ओ देऊ लागली.

विहिरीशेजारी टाकी उभी राहिली. तळाशी गोटे, त्यावर खडी, त्यावर जाडी वाळू, सगळ्यांत वर बारीक वाळू. मोटारीनं विहिरीचं पाणी वर सोडायचं, ते वाळूतून झिरपत खाली यायचं आणि तीन तोट्यांना निघायचं. वाळू आधी धुतली, वाळवली, बायांनी डोक्यावर वाहिली. झाकणाची किल्ली कुणाकडे द्यायची हा प्रश्न आला तेव्हा गोजरबाईच म्हणाली, गाळणीबाईला द्या, जन्मभर तेच करून राह्यली ती. लोक हसले. पण किल्ली तिलाच मिळाली.

जायच्या आदल्या दिवशी एरिकानं तिला टाकीवर चढवलं. झाकण काढलं, पाण्यात हात घालून वाळूवर तळवा ठेवला आणि मान हलवली, नाही, नाही. पारसनं फोड करून सांगितलं. इथं हिरवा थर धरेल, मावशी, त्याला हात लावायचा नाही. धार बारीक झाली तर वरून नखाएवढं खरवडायचं, बस. टाकी रिकामी करून घासायची नाही, बिलकुल नाही. सगुणाबाईनं मान डोलवली. तिनं ती खरोखर मनापासून डोलवली होती.

पहिले काही दिवस पाणी उकळून प्यायला सांगितलं होतं, ते तिनं सगळ्या गावाकडून करून घेतलं. मग तो उन्हाळा आला आणि गावातलं एकही पोर आजारी पडलं नाही. सगुणाबाई रोज झाकण उघडून बघायची. वाळूवर थर धरला होता, हिरवट, बुळबुळीत. तिच्या अंगावर काटा यायचा, पण ती झाकण लावून खाली उतरायची. एक दिवस तिनं कमरेचं फडकं सोडलं आणि खुंटीला टांगलं. नंदानं विचारलं, आज्जी, तुझं फडकं कुठंय? ती म्हणाली, म्हातारं झालं, बसवलं त्याला.

मग भाद्रपद सरत आला आणि बायांनी दसरा काढायला घेतला. घट बसायच्या आत घरातली चिंधीन् चिंधी धुवायची, भांडंन् भांडं घासायचं, भिंती सारवायच्या; न धुतलेली एक वस्तू राहिली तरी देवी त्या घरात बसत नाही. गोधड्या नाल्यावर गेल्या, पाटे-वरवंटे अंगणात आले. गोजरबाई टाकीवर पाण्याला आली, झाकण उघडं होतं, तिनं आत डोकावलं.

"घराचा दसरा काढलास, सगुणे," ती सगळ्या बायांसमोर म्हणाली, "आन् सारं गाव जिचं पाणी पितं तिच्यात शेवाळ? ह्याच पाण्यानं घट बसवायचा का माय?"

सगुणाबाईला पारसचे शब्द आठवले नाहीत असं नाही. आठवले. पण ते शब्द तिच्या मनात साध्या दिवसांचे होते. दसरा म्हणजे दसरा. त्या परक्या पोरांना आश्विन काय माहीत? त्यांनी विचारलं नव्हतं, तिनं सांगितलं नव्हतं.

तो दिवस गावातल्या बायांना सणासारखा गेला. टाकी रिकामी केली. वाळू टोपल्यांनी बाहेर आली, धुतली, लुगड्यांवर उन्हात पसरली. भिंती राखेनं आणि काथ्यानं घासल्या. रिकाम्या टाकीत नंदा जाऊन बसली आणि आपल्याच नावानं हाका मारायला लागली. टाकी तिला परत हाक द्यायची आणि बाहेर बाया हसायच्या. संध्याकाळी तोट्या सोडल्या तर तांब्याचा तळ दिसावा असं पाणी. इतकं नितळ ते कधीच नव्हतं. गोजरबाईनं तोटीला हळदकुंकू लावलं, आणि सगुणाबाईला वाटलं, आपला जन्म आज धुऊन निघाला.

तिसऱ्या माळेला पोरांना हगवण लागली. नंदाला सगळ्यांत जास्त. सगुणाबाई उशाशी बसून तिला साखर-मिठाचं पाणी पाजत होती, चमच्याचमच्यानं. पाणी टाकीचं. ते उकळावं असं तिला वाटलंच नाही. एवढं नितळ पाणी उकळायचं कशाला? सहाव्या माळेला पोरीला दवाखान्यात न्यायला जीपमध्ये घातलं. जाफराबाद यायच्या आधी, द्वारकेच्या मांडीवर, ती गेली.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई कुणाला न सांगता टेंभुर्णीला गेली. गौतमचंद शेटजींनी दुकानातला फोन जोडून दिला. तिनं पारसला पोरं आजारी पडली एवढंच सांगितलं. तिकडून त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, मावशी, टाकीला हात लावला होता का? मग तोच सांगत गेला. वरचा हिरवा थर जिवंत असतो, मावशी, तोच रोग खातो, तो नसला तर नुसती वाळू. हॅलो? मावशी? तिनं फोन ठेवला. शेटजींनी विचारलं, काय म्हणाला पारस? ती म्हणाली, लाइन कट झाली.

दसऱ्यानंतर गावात बोललं जाऊ लागलं की गोऱ्यांनी आपल्यावर प्रयोग केला. टाकीत काहीतरी टाकून गेले. आज सकाळी धर्मराज आणि शेजारचा कडूबा पहारी घेऊन, माणसं जमवायला पारावर गेले. सगुणाबाईनं पाय धरले तर लेकानं पाय सोडवून घेतला.

"टाकीनं न्हाई मारलं तिला," सगुणाबाई आता दारातून म्हणाली.

"मंग कुणी?"

"ते शेवाळ होतं न, त्यानंच पाणी साफ होत होतं. म्या ते घासून काढलं."

द्वारकेचे हात पहिल्यांदा थांबले. "कोण म्हणलं?"

"पारस. फोन केल्ता म्या. नंदा गेली त्याच्या दुसऱ्या दिशी."

"आन् त्याच्या आधी? आधी म्हाईत नव्हतं तुम्हाला?"

इथं नाही म्हणता आलं असतं. सगुणाबाईनं कोपऱ्यातल्या पिवळ्या धानाकडे पाहिलं.

"सांगितलं होतं त्यांनी. घासू नका म्हणून. म्या मान हलवल्ती."

तान्हं बोचक्याची गाठ ओढत बसलं होतं. द्वारकेनं ती त्याच्या मुठीतून सोडवून घेतली. मग आवाज न चढवता तिनं विचारलं, "आत्याबाई, साखर-मिठाचं पाणी कोणतं होतं?"

"टाकीचं."

पाराच्या बाजूनं लोखंडावर दगड आपटल्याचा आवाज आला. कुणीतरी पहारीची धार बघत होतं.

"मला काय म्हणायचं ते म्हण," सगुणाबाई म्हणाली. "गावासमोर म्हण. पण थर परत धरतो माय, आपोआप. तवर पाणी उकळून प्यायचं, बस. टाकी पाडली तर बांधायला कोण येणार? मंग हाय तोच झिरा. माझे दोन गेले, तुझं एक गेलं, आता कुणाचं?"

"हे त्यांना सांगितलं?"

"न्हाई. आधी तुला सांगायचं होतं. आता जाऊन सांगते. पण म्हणतील, म्हातारी गोऱ्यांची बाजू घेऊन राह्यली. तू तिची माय हायेस. तू एक शब्द बोल त्यांना. मंग जा तू. म्या अडवणार न्हाई. ह्या घराचं तोंड बघू नको जन्मात."

द्वारका उठली. तान्ह्याला कडेवर घेतलं, बोचकं दुसऱ्या हातात. ती समोर येऊन उभी राहिली तशी सगुणाबाई दारातून बाजूला झाली. जीपचा थांबा पारापलीकडे होता. जायला वाट ती एकच.

"बोलशील का, द्वारका?"

द्वारकेनं पायात चपला सरकवल्या, पदर तान्ह्याच्या डोक्यावरून घेतला, आणि पाराच्या वाटेला लागली.