डाव्या आट्यांचा करंडा

पिंप्राळ्याच्या चुडामणचा बाप शेतकरी, आजा शेतकरी. लाकूड कातायला बसला तो हा एकटाच. लाटणी, पाळण्याचे खांब, कुंकवाचे करंडे. पण त्याच्या करंड्याचं झाकण नुसतं वर टेकलेलं असायचं. बैलगाडीच्या धक्क्याने निघायचं आणि कुंकू लुगड्यावर सांडायचं. बायांनी मग फिरकीच्या झाकणाच्या विलायती डब्या घ्यायला सुरुवात केली.

सदतीस साली धुळ्याच्या स्वदेशी प्रदर्शनाचे चिटणीस गावात आले आणि भर चावडीत म्हणाले, लाकडात आटे पाडणं यंत्राचं काम, गावच्या कारागिराने त्या भानगडीत पडू नये. अंगावर खादी घालायची, पण ती विणणाऱ्याच्या डोक्यावर भरवसा ठेवायचा नाही, असली ही शहाणी जात. चुडामणची कानशिलं तापली. प्रदर्शनाला आट्यांचाच करंडा आणायचं तो तिथेच बोलून बसला, "आट्यासना करंडा लई येसू. नही ते कातनं सोडी देसू."

आता आली का पंचाईत. पटाशीने आटे कोरले, तर सालईचं लाकूड भुगा होऊन पडलं. अंजनाच्या लाकडात आटे टिकले, पण खालचे आणि झाकणाचे जुळेनात. तीन महिने हेच. बायको सुंदरबाईने फुटके करंडे चुलीत घातले. पोळ्या छान भाजतात, असंही वर ऐकवलं.

शेवटी जळगावच्या एका कापसाच्या जिनाबाहेर भंगार विकणाऱ्या भिकनकडून त्याने हातभर लांब बोल्ट आणला. शिसं चिकटू नये म्हणून त्याला काजळी फासली, लाकडी चौकटीत उभा धरला आणि भोवती वितळलेलं शिसं ओतलं. झाला नट तयार. बोल्टच्या एका टोकाला मूठ, दुसऱ्या टोकाला लाखेने चिकटवलेला करंडा. समोर घासून दात केलेली कानस पक्की बसवली. मूठ एक फेरा फिरवली की करंडा एका आट्याएवढा पुढे सरकायचा. आटे असे उतरले की चुडामण स्वतःशीच हसला.

झाकण लावून सुंदरबाईच्या हातात दिलं. तिने आवळायला फिरवलं, ते निघून हातात आलं.

"हाई उलटं शे," ती म्हणाली.

बोल्टच डाव्या आट्यांचा होता, उलटा फिरवला की आवळणारा. दातावर नजर खिळलेली, मूठ कोणत्या बाजूला फिरतेय ते चुडामणने एकदाही पाहिलं नव्हतं. प्रदर्शनाला उरले दोन दिवस. त्याने बोल्टची टोकं उलटसुलट केली, शिसं पुन्हा वितळवलं, पुन्हा ओतलं. आटे पडले, पण डावेच. बोल्ट खालचा वर केला म्हणून डाव्याचा उजवा होत नाही, हे कळायला त्याचे ते दोन्ही दिवस गेले.

तरी तो धुळ्याला गेला. चिटणिसांनी झाकण सगळे फिरवतात तसं फिरवलं. उघडेना. डिंकाने चिकटवलंय, म्हणाले. चुडामणने हातातून घेऊन उलटं फिरवून उघडलं आणि आटे समोर धरले.

"आटे आहेत खरे," चिटणीस म्हणाले, "पण लोक हसतील हो." आणि करंडा टेबलाखाली गेला.

चुडामणने वाकून तो बाहेर काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि निघाला. जळगावला उतरल्यावर घरी न जाता थेट भिकनच्या ढिगाऱ्यापाशी जाऊन बसला. कातणं सोडलं का रे, भिकनने विचारलं. चुडामणने खिशातून उजव्या आट्यांचा एक नट काढला आणि ढिगातला एकेक बोल्ट उचलून, त्यावर तो चढतो का ते पाहू लागला.