बहाव्याचा पाय

सियोन झिराडकर सलग दहा मिनिटं खुर्चीत बसलाय, असं त्याच्या बायकोनंही फारसं पाहिलं नव्हतं. जेवता जेवता उठून तो दाराची बिजागरी हलवून बघायचा. कॉव्हेंट्रीच्या एका मोटार कारखान्यात तो पॅटर्नमेकर होता. लोखंडी भाग ओतण्याआधी त्यांचे लाकडी नमुने करायचा. १९८१ मध्ये खातं बंद झालं तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता. पुढच्या सहा महिन्यांत त्यानं घरातलं प्रत्येक दार काढून पुन्हा बसवलं.

"अहो, आता माझी मान तेवढी राहिलीय काढून बसवायची," एलिझाबेथ म्हणाली. "बाहेर काहीतरी बघा."

बाहेर वॉरिक होतं, आणि तिथं मिसेस पेनफोल्ड यांचं जुन्या फर्निचरचं दुकान. त्या खेड्यातल्या सुतारांनी दोन-अडीचशे वर्षांपूर्वी केलेली खणांची बुटकी कपाटं विकायच्या. महोगनी बोटीतून यायची, ती शहरातल्या बड्या घरांसाठी. गावचा सुतार कुंपणात, बागेत, चर्चच्या आवारात जे झाड पडेल ते उचलायचा: यू, नासपती, चेरी, मेपल. असं लाकूड वखारीत मिळत नसे, म्हणून ही कपाटं दुर्मिळ, आणि म्हणूनच त्यांची दुरुस्ती अवघड. जोड त्याच लाकडाचा हवा.

सियोन खणाच्या आतली कड नखभर तासायचा, थुंकीनं ओली करायचा, वास घ्यायचा आणि नाव सांगायचा. दोन वर्षांत मिसेस पेनफोल्ड त्याच्या शब्दावर लेबल लिहू लागल्या. गिऱ्हाईकानं शंका काढली तर म्हणायच्या, "मिस्टर झिराड म्हणतात नासपती, म्हणजे नासपती." आडनावाचा शेपटा त्यांनी पहिल्याच दिवशी कापला होता. सियोनची हरकत नव्हती. लाकडाचं नाव बरोबर असलं की झालं.

१९८७ च्या वसंतात लॅबर्नमचं कपाट आलं. फांदीच्या काकडीसारख्या तिरक्या चकत्या करून खणांच्या दर्शनी बाजूला जोडलेल्या, प्रत्येक चकतीत काळसर तपकिरी गाभा आणि भोवती पिवळी कड. लॅबर्नम हे झाड मुळात आल्प्सकडचं. पण चारशे वर्षं इथल्या बागांत वाढल्यावर त्याला कुणी परकं म्हणत नव्हतं. कपाटाला मोसंब्याएवढे चार गोल पाय असायला हवे होते. होते तीन.

लॅबर्नम कुठंच मिळेना. सियोन चार वखारी फिरला, दोन लाकूडतोड्यांना भेटला, रात्रीचा जिन्यावरून खालीवर करू लागला. आणि मग त्याला माळ्यावरचं मुसळ आठवलं. एलिझाबेथच्या आईनं लग्नात दिलेलं, १९६३ मध्ये रेवदंड्याहून बोटीनं आलेलं आणि कॉव्हेंट्रीत एकदाही न वापरलेलं. बहाव्याचं.

बहावा म्हणजेच लॅबर्नम, ही गोष्ट सियोनच्या लेखी केव्हाच ठरलेली होती. इंग्लंडातल्या पहिल्याच मे महिन्यात रस्त्याकडेच्या बागेत पिवळे घोस लोंबताना पाहून नवराबायको एकदमच म्हणाले होते, "बहावा." कारखान्याचा फोरमन युद्धात पुण्याला होता, त्यानंही सांगितलं होतं की तिकडे बहाव्याला ते इंडियन लॅबर्नम म्हणत. सियोननं मुसळाचं एक टोक कापून लेथवर पाय उतरवला. रंग इतका जुळला की कुठला पाय नवा हे मिसेस पेनफोल्डना ओळखता येईना. लेबल लागलं: दर्शनी भाग आणि चारही पाय लॅबर्नमचे.

"माझं मुसळ आखूड कसं झालं?" एलिझाबेथनं विचारलं.

"वयोमानानं," सियोन म्हणाला.

पुढच्या गुरुवारी कौन्सिलची माणसं गल्लीच्या टोकाच्या शाळेतली फुललेली झाडं तोडत होती. मुलांनी शेंगा खाल्ल्या तर विषबाधा होते, अशी पालकांची तक्रार होती. करवतीचा आवाज ऐकून सियोन कुंपणाशी गेला. शाळेत बायोलॉजी शिकवणारे चंद्रशेखर भागवत तिथंच उभे होते.

"बहावा तोडतायत हो," सियोन म्हणाला.

"बहावा कुठला, सियोनराव? हा लॅबर्नम."

"तेच ते."

"तेच कसं? फॅमिली एकच, दॅट्स ऑल. घेवडाही त्याच फॅमिलीतला. म्हणून काय घेवड्याचं कपाट कराल?" भागवत हसले, मग सियोनचा चेहरा बघून थांबले. "का, काय झालं?"

सियोननं कुंपण ओलांडलं. पडलेल्या खोडाची कड तासली, ओली केली, हुंगली. या वासाचं लाकूड त्याच्या लेथवर कधीच आलं नव्हतं. मुसळ कापताना त्यानं हुंगलंच नव्हतं. नाव ठाऊक होतं ना.

भागवतांच्या गाडीच्या डिकीतून एक ओंडका घरी आला. पण ओलं लाकूड वाळायला पाच वर्षं लागतात, आणि कपाट बघायला एडिनबऱ्याच्या मिस लॉरी शनिवारी येणार होत्या. सियोन ज्यू होता, शब्बाथ म्हणून शनिवारी हत्याराला हात लावत नसे. शुक्रवारी सकाळीच तो वॉरिकला पोचला आणि कपाट ब्लँकेटवर उताणं पाडलं.

"काय करताय?" मिसेस पेनफोल्डनी विचारलं.

"पाय काढतोय. लॅबर्नमचा नाहीये. मी चुकलो."

"उत्तम दिसतोय. कोण बघणार आहे कपाटाच्या खाली?"

"खाली कुणी बघत नाही. लेबल बघतात. त्यावर माझा शब्द आहे."

"मिस लॉरी तीन पायांचं कपाट पाहायला सहा तास प्रवास करून येणार? मिस्टर झिराड, त्या परत गेल्या तर सोमवारी तुम्ही येऊ नका."

सियोननं किटलीची वाफ जोडातल्या सरसावर धरली. पाय सुटून हातात आला. त्या जागी त्यानं ओकचा चौकोनी ठोकळा बसवला, कुणाच्याही नजरेत भरेल असा, आणि लेबलवर 'चारही' खोडून 'तीन' लिहिलं.

शनिवार लांबला. रिकाम्या हातांनी तो घरात फिरत राहिला, हत्यारांच्या शेडपर्यंत जाऊन कडीला हात न लावता परत आला. "मुसळ गेलं, काम गेलं," एलिझाबेथ म्हणाली. "आता निदान एका जागी बसून काळजी करा."

रविवारी फोन आला. मिस लॉरींनी आधी लेबल वाचलं, मग ठोकळा बघितला आणि मग कपाट घेतलं. अट एक: चौथा पाय लॅबर्नमचाच हवा, आणि ज्यानं खोडलं त्यानंच तो करावा. "सोमवारी या," मिसेस पेनफोल्ड म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सियोननं ओंडक्याच्या टोकांना मेण लावलं, त्यावर तारीख लिहिली. दर महिन्याला तो ओंडका वजनकाट्यावर ठेवायचा. वजन घटायचं थांबायला १९९२ चा जून उजाडला. तेव्हा पाय उतरवून, वर्तमानपत्रात गुंडाळून तो एडिनबऱ्याच्या गाडीत बसला आणि यॉर्कपर्यंत दारापाशी उभाच राहिला.

मिस लॉरींच्या घरी कपाटाला बसवलेला नवा पाय हिरवट पिवळा दिसत होता. बाकीचे तीन काळ्या चहाच्या रंगाचे.

"मिसेस पेनफोल्डनी आधीचा फोटो पाठवला होता," मिस लॉरी म्हणाल्या. "त्यातला पाय जास्त जुळत होता."

"हो. तो फार छान जुळत होता."

"हा कधी जुळेल?"

"खिडकीशी ठेवलंत तर वीस वर्षांत."

त्या पंच्याहत्तरीच्या होत्या. त्यांनी सियोनकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं आणि कपाटाची एक बाजू धरली. दोघांनी मिळून ते उजेडात सरकवलं.

सियोन परतला तेव्हा एलिझाबेथ स्वयंपाकघरात होती. वाऱ्यानं आपटू नये म्हणून तिथल्या दाराला बहाव्याचा पाय लावलेला होता. पाच वर्षं तो तेच काम करत होता.

"बसला का?"

"बसला."

"मग आता तुम्हीही बसा."

तो बसला. चहा अर्धा झाला असेल, तेव्हा दाराखालचा पाय बोटभर सरकलेला त्याला दिसला, आणि तो उठला.