वेखंडाची रोवणी

शेजारच्या तान्ह्या बाळाला काल मांडीवर घेतलं, त्याच्या टाळूवरून वेखंडाचा वास आला आणि मला आमच्या बोरिंगजवळची एक सकाळ आठवली. तिथे बारा महिने चिखल असायचा. बायकोला त्यावर सिमेंट हवं होतं. मी नाटकी थाटात जाहीर केलं, "इथी वेखंड लावतो, त्याले चिखलच लागते. दिवाळीपर्यंत जगलं नाई, त टाक सिमेंट!" चार कंद लावले, त्यांना तलवारीसारखी हिरवी पानं फुटली आणि मी येणाऱ्याजाणाऱ्याला ती मिशीवर ताव देत दाखवू लागलो. मग सावली गावाहून सासूबाई आल्या. त्यांचा जन्म धानाच्या बांधीत गेलेला, चिखलात गवत दिसलं की हात थांबायचेच नाहीत. सकाळी उठून पाहतो तर माझं सगळं वेखंड उपटलेलं! "जवाई, निंदून टाकलं सारं," त्या समाधानाने म्हणाल्या. बायको हसू दाबत म्हणाली, "आता बोलवू का मिस्त्रीले?" तेवढ्यात सासूबाईंनी हात नाकाशी नेले आणि ओरडल्या, "अगे माय, हे त वेखंड होय!" लुगडं खोचून त्या चिखलात उतरल्या, कंदांचे फुटव्यांसकट तुकडे केले आणि धानाच्या रोवणीसारखे सरळ रांगेत अंगठ्याने दाबत गेल्या. दिवाळीला चाराची वीस बेटं झाली, बायकोने पणतीच तिथे नेऊन ठेवली. सिमेंट अजून पडलेलं नाही. बाळाच्या टाळूवरचं वेखंडही त्याच रांगेतलं. कोणी विचारलं की मी छाती फुगवून सांगतो, "आमच्या सासूबाईची रोवणी आहे. आपला फक्त चिखल!"