झाकणाची कड आणि आखाजीचा प्रवास

गेल्या आखाजीला माझ्या मोटारसायकलच्या इंजिनाने पत्नीची मोतिया रंगाची साडी तेलाने माखली, आणि चांदनी या तिच्या माहेरगावी, भावाच्या अंगणात, तिने सर्वांसमक्ष जाहीर केले की या गाडीवर ती पुन्हा बसणार नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीने माहेरी जावे, हा आमच्या तापीकाठचा रिवाज. तिला तेथे पोचवण्याचा मान माझ्या गाडीचा, हा आमच्या घरचा. यंदा तो मान मेहुण्यांच्या मोटारीकडे जाण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा मी इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करवून घेतले.

राजपुऱ्यातल्या मेकॅनिकने आतले काम उत्तम केले. तेल मात्र डाव्या झाकणातून पाझरतच राहिले. आणि साडी नेसलेली स्त्री पाय सोडून बसते ती नेमक्या त्याच बाजूला.

"साहब, पॅकिंगच बोगस निघाली," मेकॅनिक म्हणाला. झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये जो कागदी थर बसतो, त्या गॅस्केटला आमच्याकडे पॅकिंग म्हणतात. ती विकणारा दुकानदार म्हणाला, "माल एक नंबर आहे काका, फिटिंग चुकली."

एका तेलाचे दोन आरोपी, आणि दोघेही परस्परांकडे बोट दाखवणारे! माझा संताप अनावर झाला. कागद कारखान्याच्या कार्यालयात मी आयुष्यभर लोकांकडून खुलासे मागवले आहेत. ही असली उडवाउडवी मला नवी नव्हती. दोघांनाही नोटीस देण्याचे ठरवून मी मसुदा सिद्ध केला. परंतु पुराव्याचा भार तक्रारदारावर असतो. धातूची कड निर्विवाद स्वच्छ असूनही तेल गळले, असे दाखवता आले तरच गॅस्केट दोषी ठरणार होती. म्हणून सिंधीपुऱ्यातल्या आमच्या ओट्याशी गाडी लावून मी झाकण स्वतः उतरवले.

आतले दृश्य पाहून मसुद्यातील विशेषणे अपुरी वाटू लागली. जुन्या गॅस्केटचे करपलेले पापुद्रे कडेला तसेच चिकटलेले होते आणि नवी गॅस्केट त्यांच्यावरच दाबून बसवलेली होती.

कचरा आत पडू नये म्हणून इंजिनाच्या तोंडात मी स्वच्छ फडके कोंबले, पापुद्र्यांवर थिनर लावले आणि ते मऊ पडण्याची वाट पाहिली. लोखंडी पाते वापरण्याची सोय नाही, कारण अ‍ॅल्युमिनियम नरम असते आणि त्यावरचा एक ओरखडा तेलाला वाट करून देतो. मी बांबूची चीप तासून घेतली होती. ती आडवी धरून हलक्या हाताने लोटली, की पापुद्रा सालीसारखा उलगडत येई आणि त्याखालून धातूची चांदीसारखी पट्टी उघडी पडे. त्या पट्टीकडे पाहताना मला नोटिशीचा विसर पडू लागला, हे मान्य केले पाहिजे. सकाळचे कोवळे ऊन, थिनरचा उग्र वास, आणि दर बोटभर अंतरावर दिसून येणारी प्रगती. कार्यालयात इतके समाधान मला क्वचितच लाभले असेल.

तपासणीची रीत कारखान्यातली. तेथे कागदाचा दोष पाहायचा तर तो उजेडासमोर धरतात. मी कडेवर तेलाचे बोट फिरवले, पातळ कागद दाबून लावला आणि उचलून उन्हात धरला. झाकणाची संपूर्ण आकृती पारदर्शक रेघेने उमटली होती.

पत्नी चहा घेऊन आली. "हे काय आता कोर्टात लावणार?"

"परिशिष्ट अ आहे ते."

"मग तुमचं परिशिष्ट इथं तुटून राहिलं ना, अहो. या बोल्टाच्या छेदाजवळ."

रेघ खरोखरच तेथे खंडित होती. मी पुन्हा चीप उचलली.

"साडीला केळीचा चीक लागला तर शेतात गेली होती म्हणून सांगता तरी येतं," ती म्हणाली. "तुमच्या तेलाचं काय सांगू माहेरी? परवा दादाला कळवायचंय, मोटार पाठव की नको ते."

"परवापर्यंत मुदत द्यावी."

"दिली. वाढवून मिळणार नाही."

त्या छिद्राजवळचा पापुद्रा नखाएवढा होता आणि त्याने माझी दुपार खाल्ली. दुसऱ्या दिवशी कागदावर रेघ अखंड उमटली. मग त्याच दुकानातली नवी गॅस्केट बसवली, बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे करून आवळले, तेल भरले आणि तापीच्या पुलापर्यंत फेरी मारून आलो. गाडीखाली पांढरा कागद अंथरून ठेवला. सकाळी तो कोरा होता. मी मसुद्यातून दुकानदाराचे नाव खोडले. मेकॅनिकचे ठेवले आहे.

पत्नीने तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि फोन लावला. "दादा, मोटार नको पाठवू. नाही रे, गाडीवरच येतो आम्ही. हो, तीच. अरे, तीच म्हणते ना!"

आखाजीला ती फिकट पिवळी साडी नेसून मागे बसली. वाटेत रस्त्यावरच्या खड्ड्यांविषयी कोणाकडे लिहावे याचा मी मोठ्याने विचार करीत होतो. ती केळीच्या बागा पाहत होती आणि मला "पुढे बघा" म्हणत होती. चांदनीच्या अंगणात उतरताच तिने आधी निऱ्या तपासल्या, मग सगळ्यांच्या देखत वाकून इंजिनाखाली पाहिले.

"काय शोधून राहिल्या ताई?" भावजयीने विचारले.

"तेल," ती म्हणाली. "नाही सापडलं." आणि ताठ मानेने आत गेली.