कमळाच्या टाक्यावरची कात

ऑफिसच्या आवारातल्या कमळाच्या टाक्यात आज चतुराची कात दिसली. पाण्यात वाढलेला किडा देठावर चढला, पाठ उकलून चतुर होऊन उडाला आणि मागे हे पोकळ कवच राहिलं. आत कुणी नाही, तरी पायांनी देठ घट्ट धरलेला.

याच टाक्याच्या कठड्यावर आम्ही बायका दुपारी डबे खायचो. बढती मिळाली की डबा केबिनमध्ये खायचा, ही आमच्याकडची न सांगितलेली रीत. मला बढती मिळून महिना झाला. आज मात्र राहवलं नाही, डबा घेऊन खाली गेले.

न विचारता माझ्या डब्यात हात घालणारी शोभा उठून उभी राहिली. "बसा ना, मॅडम."

"मॅडम काय गं! भेंडी घे."

तिने दोन फोडी घेतल्या आणि थँक्यू म्हणाली. थँक्यू! मग सगळ्या गप्प जेवल्या.

चतुर येऊन पाण्याला शेपटी टेकवत होता, पुन्हा उडत होता. आत जाणं आता त्याला जमणार नव्हतं.

मी वर आले. केबिनच्या खिडकीतून पाहिलं, तर खाली हसणं पुन्हा सुरू झालं होतं. माझ्या जागेवर मात्र कुणीच सरकलं नव्हतं. माझ्या मापाची ती पोकळी कठडा घट्ट धरून बसली होती.